फुटक्या रांजणांची घरं

काळी मादी खोक्याच्या दारात बसून तेवीस मिनिटं झाली होती. तिचं नाक दाराबाहेर दोन बोटं आलं होतं. उजव्या कानाची पाळी कुठल्याशा जुन्या भांडणात फाटलेली होती. एवढ्या वेळात ती हलली ती एकदाच, आणि तीही जरा तिरकी होऊन दार अधिक भरून टाकायला. तिच्यामागे खोक्याच्या अंधारात आणखी चौघी होत्या. लसूणघासाची ताजी जुडी बाहेर हातभर अंतरावर पडून होती. दर दोन-तीन मिनिटांनी आतली एखादी पुढे सरकायची, काळी दात वाजवायची, आणि ती पुन्हा मागे व्हायची.

मी वहीत लिहिलं, ‘दार एक.’ त्या दोन शब्दांखाली रेघ मारली, कारण ते खोकं मीच आखलं होतं.

शहरातली मुलं जिला गिनीपिग म्हणतात, ती आमची कुई. मुलं तिला नाव ठेवून मांडीवर घेतात. आमच्या डोंगरात ती स्वयंपाकघरात राहते, चुलीच्या उबेला, आणि सणाला ताटात येते. गेल्या काही वर्षांत आमच्या संस्थेने बायकांना ती वेगळ्या खोलीत, पिंजऱ्यात पाळायला शिकवायचं ठरवलं. त्या कामासाठी मी महिन्यातून दोनदा कुस्को शहरातून कोल्पापाता गावी येत असे.

बेनिग्ना शेजारच्या पिंजऱ्यातलं ओलं गवत काढत होती.

“बेनिग्नाबाई, ह्या अशा कधीपासून बसतात?”

“पहिल्या दिवसापासून.”

“म्हणजे मार्चपासून?”

“हो, तेव्हापासूनच.”

सात आठवड्यांत चार माद्या आणि अकरा पिल्लं गेली होती. मी आधी थंडीवर संशय घेतला, मग ओल्या चाऱ्यावर. विष्ठेचे नमुने दोनदा तपासून आणले, त्यांत काही निघालं नव्हतं. मेलेल्या माद्या वजनाला हलक्या होत्या, एवढीच नोंद माझ्याकडे होती.

“खोक्याला एकच दार आहे,” मी म्हणाले. “ही दारात बसली की बाकीच्या आत अडकतात. चारा समोर असून उपाशी राहतात. चूक माझी आहे.”

ती मान खाली घालून गवत पसरत राहिली. तिच्या हातांकडे पाहून मला एकदम शंका आली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“चुलीखाली कुईला जी जागा ठेवतात ना, तिला दोन तोंडं असतात. मामाय, माझी सासू, म्हणते, एक तोंड असलं की तो सापळा.”

“मग मला का नाही बोललात?”

“तुम्ही मोजून आणलं होतंत,” बेनिग्ना म्हणाली.

संस्थेत आम्ही एका खोक्यात एकच व्यालेली मादी ठेवतो. एकटीला एक दार पुरतं. तोच आराखडा मी सहा माद्यांच्या पिंजऱ्यासाठी उचलून आणला, फक्त लांबी वाढवली. लांबी अगदी बरोबर होती.

“पुढच्या वेळी काही चुकीचं दिसलं तर लगेच सांगा.”

“बघू,” ती म्हणाली.

बेनिग्नाचं ‘बघू’ गावात सगळ्यांना पाठ होतं. बटाटे आज काढायचे का उद्या, मिरवणुकीला जायचं का नाही, दात उपटायचा का ठेवायचा, तिचं उत्तर तेच. गावातल्या बायका पाण्यावर तिची नक्कल करत. ती ऐकून तीही हसे.

बाविसाव्या वर्षी ती रुपेर्ताच्या स्वयंपाकघरात सून म्हणून आली, आणि आता एकोणपन्नासाची होती. नवरा सिप्रियानो गवंडी होता. मूल झालं नाही. लोकांची घरं बांधून उरलेल्या वेळात त्याने आईच्या अंगणाच्या भिंतीला लागून स्वतःची एक खोली उभारली. त्याला त्यात अठरा वर्षं लागली. कच्च्या विटांच्या भिंती झाल्या, कौलं चढली, जमीन चोपून झाली. चुलीसाठी कोपऱ्यात एक चौकोन त्याने तसाच मोकळा ठेवला होता. त्या वर्षी तो रस्त्याच्या कामावर गेला आणि दरड कोसळली. ह्याला सहा वर्षं झाली. त्या खोलीत आता माझे तीन पिंजरे होते. चौकोन मोकळाच होता. बेनिग्ना त्यावर काही ठेवत नसे, पायही देत नसे.

आणि आता एक प्रश्न तिच्यापुढे होता, ज्याला ‘बघू’ फार दिवस पुरणार नव्हतं. धाकटा दीर ओक्तावियो कुस्कोला मोटारींचे सुटे भाग विकतो. माणूस वाईट नाही. त्याने अरेकिपाच्या एका दवाखान्याच्या धोबीखान्यात बेनिग्नासाठी काम पाहिलं होतं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, महिन्याचा पगार. आईला तो आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी नेणार होता. इथल्या जागेला कुलूप लावायचं, किंवा शेजाऱ्याला बटाटे साठवायला द्यायची. जूनमधल्या कोर्पुसच्या सणानंतरच्या शनिवारी तो ट्रक घेऊन येणार होता. बेनिग्नाने कुया जगवून दाखवल्या असत्या तर गोष्ट वेगळी, असं तो मला एकदा म्हणाला होता. पण त्या तर मरत होत्या, माझ्या खोक्यांत.

रुपेर्ता अंगणात मेंढीच्या कातड्यावर बसून मक्याचे दाणे सोलत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, पण बोटं दाणा चुकत नाहीत.

“कोण, खोकीवाली का?” माझी पावलं ऐकून तिने विचारलं.

“हो, मामाय.”

“आज किती मेल्या?”

“आज एकही नाही. मामाय, तुमच्या परसात ते फुटके रांजण पडलेत, ते वापरू का?”

तरुणपणी रुपेर्ता मक्याची आंबवलेली दारू, चिचा, गाळून विकत असे. कोल्पापातात तिच्या दारावर लाल झेंडा लागला की पुरुष शेतातून वाट वाकडी करून येत, असं म्हणतात. ते रांजण आता मागे ढिगाने पडले होते, कुणाचा गळा गेलेला, कुणाचा तळ.

“त्यात कुया ठेवणार?”

“तळ फोडला की दोन तोंडं होतात.”

“हे शिकायला किती वर्षं लागली गं तुला? कॉलेजात?”

“पाच.”

“माझ्या आईने एका थपडेत शिकवलं होतं.” तिने मूठभर दाणे टोपलीत टाकले. “घे. फुटक्या वस्तू मागायच्या नसतात, उचलायच्या असतात. मागायच्या वस्तू वेगळ्या.”

शेवटचं वाक्य ती जरा मोठ्याने बोलली. आत बेनिग्नाच्या विळ्याचा आवाज क्षणभर थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

ते काम आम्ही दोघींनी तीन दिवस केलं. मी संस्थेत कळवून राहिले. रांजण आडवा धरून बेनिग्ना दगडाने तळाभोवती अगदी हलके ठोके द्यायची, भाकरी भाजली की नाही ते पाहावं तसे. तळ गोल निघून यायचा. मग ती फुटलेली कड नदीच्या दगडावर घासायची. मी बोट फिरवून म्हणाले, “झाली गुळगुळीत.” तिने मान हलवली. कमरेच्या पिशवीतून न कातलेली लोकर काढून कडेवरून फिरवली. दोन तंतू अडकले.

“लोकर अडकली तर कातडीही अडकते,” ती म्हणाली, आणि पुन्हा घासायला बसली.

भोकाचं माप मी अकरा सेंटिमीटर धरलं होतं. तिने आपल्या दोन मुठी शेजारी शेजारी धरून भोकात घालून पाहिल्या. मुठी जाईनात. तिने माझ्याकडे पाहिलं, रांजणाकडे पाहिलं, ओठ उघडले आणि मिटले.

“बोला ना,” मी म्हणाले.

“गाभण मादी अडकेल,” ती म्हणाली. “शेवटच्या आठवड्यात ती रुंद होते. आत जाते आणि मग निघत नाही.”

मी माप खोडलं आणि लिहिलं, ‘दोन मुठी, बेनिग्नाच्या.’ ती वाकून पाहत होती. तिला अक्षरं सावकाश लागतात. स्वतःचं नाव सापडल्यावर ती पुन्हा कामाला लागली, पण त्या दिवशी तिने आणखी दोन चुका सांगितल्या. पिंजऱ्याची निळ्या रंगाची फळी काढून टाका, कुया ती कुरतडतात आणि रंग पोटात जातो. रांजण वाळूत रोवा, नाहीतर गडगडेल आणि पिल्लू चेपेल. तिसरी सांगताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सहज बोलून गेली.

एका पिंजऱ्यात तीन रांजण बसवले, एकमेकांपासून हातभर अंतरावर, तोंडं वेगवेगळ्या दिशांना. मग आम्ही भिंतीला टेकून बसलो. पहिली वीस मिनिटं सगळ्या कोपऱ्यात थिजून होत्या. कुई घाबरली की पळत नाही, आधी दगड होते. मग एकेक करून बाकीच्या सगळ्यांत मोठ्या रांजणात शिरल्या, आणि काळी त्याच्या तोंडाशी जाऊन सवयीप्रमाणे दारात बसली. आत गेलेली तांबूस मादी पुढे आली. काळीने दात वाजवले. तांबूस मागे वळली, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडली आणि लसूणघास खायला लागली.

काळीला हे कळायला वेळ लागला. ती दार राखत राहिली. मागून एकेक करून सगळ्या निघून गेल्या.

“बिचारी,” बेनिग्ना म्हणाली, आणि तोंडावर हात घेऊन हसली. इतकं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात एकही मेली नाही. पहाटे परसातल्या पाण्यावर बर्फाची साय धरत होती, तरीही नाही. तव्यावर मक्याचे दाणे टाकले की उडतात, तशी दहा-बारा दिवसांची पिल्लं जागच्या जागी हवेत उडत. हे ती फक्त पोट भरलेलं असलं आणि भीती नसली तरच करतात. पुस्तकात हे वाक्य असतं, पण मी ते तेव्हा मानलं. मी उड्या मोजून लिहिल्या. बेनिग्ना म्हणाली, उड्या कशाला मोजता, त्या काही कमी पडणार नाहीत.

एक गोष्ट मात्र अडली होती. खोलीत पैदाशीचा नर नव्हता. सगळ्या माद्या रुपेर्ताच्या स्वयंपाकघरातून आलेल्या होत्या आणि नर तिथेच होता, तांबडा, रुंद डोक्याचा. माद्या टोपलीत घालून त्याच्याकडे न्याव्या आणि परत आणाव्या लागत. प्रत्येक फेरीनंतर त्या दोन दिवस धड खात नसत. संस्थेचा नर आणून देते म्हटलं तर बेनिग्नाने मान हलवली होती. त्याचं कारण मला माहीत होतं, मीही ह्याच डोंगरातली आहे. सून स्वतःची चूल मांडते तेव्हा पहिला नर सासूच्या चुलीतलाच यावा लागतो. दुसरीकडचा आणला तर सासू जिवंतपणी मेली असं धरतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी हे रुपेर्तापाशी काढलं. बेनिग्ना चारा कापायला गेली होती.

“मामाय, नर देऊन टाका ना तिला. जनावरांचे हाल होतात.”

“मी देऊ?” रुपेर्ताचे हात थांबले. “तुझ्या आईने तुला काहीच शिकवलं नाही का? न मागता दिला म्हणजे काय होतं?”

न मागता नर हातात दिला तर त्याचा अर्थ एकच, माझ्या चुलीपासून ऊठ.

“सहा वर्षं ती माझ्या चुलीशी बसलीय,” रुपेर्ता म्हणाली. “माझा मुलगा गेला, तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, तरी बसलीय. तिला मी ऊठ म्हणू? तिनेच मागावा लागतो. घरातल्या रक्ताच्या माणसासमोर, तोंडाने.”

“आणि तिने मागितला तर?”

“तर काय? माझा ओक्तावियो म्हणेल, आता तू एकटी पडलीस, चल वर चौथ्या मजल्यावर.” तिने टोपलीतल्या दाण्यांवरून हात फिरवला. “तिथे चूल नाही म्हणे. बटण आहे.”

“मग तिने मागू नये असं वाटतं का तुम्हाला?”

“तुझी वही बंद आहे ना?”

“बंद आहे.”

“मग नको तिथे नाक खुपसू नकोस,” रुपेर्ता म्हणाली आणि दाणे सोलायला लागली. जरा वेळाने, माझ्याशी नव्हे तर टोपलीशी बोलल्यासारखी म्हणाली, “अरेकिपात कपडे धुवेल. दुसऱ्यांच्या रोगाचे कपडे. ज्या हातांनी ते रांजण घासले त्या हातांनी.”

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी खोलीत वजनं घेत होते. अंगणाकडच्या भिंतीवर कोळशाच्या दोन उभ्या रेघा दिसल्या. सरळ होत्या, ओळंबा लावल्यासारख्या. मधलं अंतर मी मोजलं, ऐंशी सेंटिमीटर. दोन्ही रेघांच्या वर एक आडवी रेघ अर्धवट ओढून सोडली होती. कशासाठी आहेत ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने ‘बघू’ म्हटलं असतं.

शनिवारी ओक्तावियो सकाळी दहाला आला. मी आदल्या दिवशीच आले होते. कारण वजनं घेण्याचं होतं, पण ती गुरुवारीही घेता आली असती. सणाला वाढतात त्या थंड ताटांसाठी बेनिग्नाची अकरा नर पिल्लं कुस्कोला गेली होती आणि घेणाऱ्या बाईने पुढच्या वर्षीचंही आत्ताच सांगून ठेवलं होतं. हे मी ओक्तावियोला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

“चांगलं आहे. पण इंजिनियरबाई, कुयांवर एका बाईचं आयुष्य निघतं का?”

मी इंजिनियर नाही, तंत्रज्ञ आहे, हे मी ह्या घरात निदान दहा वेळा सांगितलं असेल.

“निघतं की नाही ते मला सांगता येणार नाही,” मी म्हणाले. “तीस माद्यांपर्यंत ती एकटी सांभाळू शकते, हे माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

अंगणात रुपेर्ता कातड्यावर बसली होती. एरवीसारखी टोपली जवळ नव्हती. खांद्यावरची रंगीत शाल तिने मांडीवर घेऊन चारी टोकांनी गाठ मारली होती आणि दोन्ही हात त्यावर ठेवले होते.

“बघा, मामायचं गाठोडं तयार आहे,” ओक्तावियो म्हणाला. “एवढंच नेणार तू?”

“एवढंच,” रुपेर्ता म्हणाली.

“आणि वहिनी कुठाय? तिचं सामान?”

“आत आहे. बघतेय.”

“काय बघतेय?”

“ते मला काय विचारतोस? सत्तावीस वर्षं बघतेय. विचार तिलाच.”

ओक्तावियो हसला, पण त्याने घड्याळ पाहिलं. “वहिनी,” त्याने हाक मारली, “ट्रक दुपारी परत द्यायचाय मला. अरेकिपाची गाडी संध्याकाळची आहे. काय ठरलं?”

मी रुपेर्तापासून दोन हातांवर उभी होते. तिच्या शालीच्या गाठीखाली काहीतरी हललं. मग एक खोल, घरघरता आवाज आला, फार हलका, दुरून जात्याचा यावा तसा. कुयांमधला फक्त नर तो आवाज काढतो. रुपेर्ताने शालीवर हलकेच थोपटलं, आणि तिचे न दिसणारे डोळे माझ्या दिशेला वळले. मी हातातली वही मिटली.

बेनिग्ना खोलीतून निघून भिंतीला वळसा घालून अंगणाच्या तोंडाशी आली. हातात विळा होता, तो तिने भिंतीशी ठेवला. हात घागऱ्याला पुसले. अंगण ओलांडून ती रुपेर्तासमोर येऊन उभी राहिली आणि डोक्यावरची टोपी काढून तिने दोन्ही हातांत धरली. मी तिला बिनटोपीचं कधी पाहिलं नव्हतं. भांगाच्या दोन्ही बाजूंना केस पांढरे झाले होते.

“बोला वहिनी,” ओक्तावियो म्हणाला. त्याच्या आवाजावरून वाटलं, आता येणारा शब्द त्याला माहीत आहे.

बेनिग्नाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, तो तिथे आहे ना याची खात्री करावी तसं.

“भावजी, तुम्ही ऐका, तुम्ही रक्ताचे आहात,” ती म्हणाली, आणि पुन्हा सासूकडे वळली. “मामाय, त्या भिंतीत मी दुसरं दार काढणार आहे, तुमच्या अंगणात उघडणारं. तुम्हाला हवं तेव्हा याल, हवं तेव्हा जाल.” तिने श्वास घेतला. “तुमच्या चुलीतला नर मला द्या. मी इथे माझी चूल मांडतेय.”